हॅच घट्ट, तरी सामान ओलं: सी कयाकच्या कप्प्यात पाणी येतं कुठून?

सी कयाक म्हणजे समुद्रात वल्हवायची लांब, निमुळती होडी. तिच्या बंद कप्प्यांत सामान भरतात, आणि कप्प्याचं झाकणबंद तोंड म्हणजे हॅच. मुक्कामाचा किनारा लागतो, मागच्या कप्प्याचं झाकण निघतं आणि तळाशी वाटी-दोन वाट्या पाणी हलताना दिसतं. झाकण तर नीट बसवलं होतं. पुढच्या फेरीत पुन्हा तेच. अशा वेळी बहुतेकांचा हात आधी सीलंटच्या नळीकडे जातो. खरं तर या दुखण्याची सुरुवात बहुतेक वेळा सामान भरण्यात असते, होडीत नसते. म्हणून खालच्या तपासण्या फुकटात होणाऱ्यांपासून सुरू होतात आणि सीलंट बराच पुढे येतो.

लक्षणं आधी नीट बघा

पुसायची घाई करू नका. कोणत्या कप्प्यात, किती आणि कधी पाणी आलं, हे तीन प्रश्न अर्धं काम करतात.

- शांत पाण्यात कप्पा कोरडा राहतो, पण लाटा डेकवरून गेल्या किंवा होडी उलटवून सराव केला की पाणी येतं: गळती जलरेषेच्या वर आहे. झाकण, त्याची कड किंवा डेकवरचे बोल्ट.
- शांत खाडीतही पाणी येतं आणि जितका वेळ जास्त तितकं ते वाढतं: गळती जलरेषेखाली आहे. स्केगची (मागच्या बाजूला तळातून खाली सोडायच्या पात्याची) पेटी, बूच किंवा तडा.
- कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या जागेत, पाणी भरल्यावरच शेजारचा कप्पा ओला होतो: बल्कहेड, म्हणजे कप्पे वेगळे करणारी आडवी भिंत.
- झाकण उघडताना 'फुस्स' आवाज येतो, किंवा झाकण आत खचलेलं अथवा फुगलेलं दिसतं: हवेच्या दाबाचा प्रश्न.
- कप्पा कोरडा, पण ड्रायबॅगमधले (पाणबंद पिशवीतले) कपडे दमट: होडीचा दोष नाही.

१. पाणी खारं की गोडं?

ही तपासणी दहा सेकंदांची आहे, आणि तरी सगळ्यात जास्त वेळा हीच राहून जाते. बोट बुडवून जिभेला लावा. बंदराजवळ किंवा गावाचं सांडपाणी येणाऱ्या खाडीत तसं करू नका. तिथे चमचाभर पाणी स्टीलच्या ताटलीत उन्हात वाळवा. मिठाचा पांढरा थर उरला तर समुद्र आत आला. काहीच उरलं नाही तर पाणी तुम्हीच आत नेलंत.

गोडं पाणी आत जाण्याच्या वाटा ठरलेल्या असतात. पहिली म्हणजे पिण्याच्या पाण्याची मऊ पिशवी. तिचं बूच दाबाखाली किंचित झिरपतं आणि दिवसभरात पेलाभर पाणी जातं. प्रत्येक पिशवी भरून, उलटी करून, वर्तमानपत्रावर रात्रभर वजनाखाली ठेवा. कागद ओला झाला की गुन्हेगार सापडला.

दुसरी म्हणजे तंबू. डिसेंबर-जानेवारीत कोकण किनाऱ्यावर पहाटे दव इतकं पडतं की तंबूचं बाहेरचं कापड पिळता येतं. सकाळी ओहोटी गाठायची घाई असते, कापड तसंच कोंबलं जातं आणि दुपारी त्या पाण्याचा आळ हॅचवर येतो. ओलं कापड नेहमी वेगळ्या पिशवीत भरा आणि ते झोपायच्या पिशवीसोबत एका कप्प्यात असेल तर त्याचंही तोंड गुंडाळून बंद करा.

तिसरी म्हणजे घाम, माणसाचा नव्हे, होडीचा. डेक उन्हात तापतो, तळ गार पाण्याला टेकलेला असतो. आतली दमट हवा तळाशी गार होऊन थेंब धरते. हे प्रमाण चमच्यांत मोजायचं, वाट्यांत नाही. एक कोरडं स्पंज तळाशी ठेवून सोडून द्या.

२. खाचेत काय अडकलंय?

पाणी खारं निघालं तर पुढची जागा झाकणाची कड. वाळूचे चार कण, भाताचं शीत, ड्रायबॅगचा पट्टा, आणि सगळ्यात नेहमीचा प्रकार म्हणजे झाकणाला बांधलेली त्याचीच दोरी कडेखाली दबलेली. दोरी दोन-तीन मिलिमीटर जाडीची असली तरी तिच्या दोन्ही बाजूंना बारीक फट राहते. लाट आली की तेवढी फट पुरे.

झाकण बसवण्याआधी कडेवरून आणि झाकणाच्या खाचेतून ओलं बोट एकदा गोल फिरवा. झाकण आधी लांबच्या टोकाला बसवा, मग तळहाताने दाबत दाबत पुढे या आणि शेवटी पुन्हा एक पूर्ण फेरी घ्या. रबरी झाकण असेल तर बसताना त्याचा 'टप्प' असा आवाज किंवा हाताला झटका जाणवतो. निओप्रीनचं आतलं आणि कडक प्लास्टिकचं बाहेरचं अशी दोन झाकणं असतील तर पाणी अडवायचं काम आतलंच करतं, बाहेरचं फक्त त्याला जागेवर धरून ठेवतं. बाहेरचे पट्टे कितीही आवळले तरी आतलं वाकडं बसलेलं सरळ होत नाही.

दिवसभर लागणाऱ्या वस्तूंसाठीचा छोटा डे हॅच जास्त गळतो असं वाटतं, कारण तो पाण्यात, एका हाताने, न बघता बंद केला जातो. त्यात भरलेलं सगळं कायम पिशवीबंद हवं.

३. कप्पा जास्त भरलाय का?

झाकण बसवताना गुडघा लावावा लागत असेल तर पाणी येणारच. आतली पिशवी झाकणाला खालून ढकलते, मधला भाग फुगतो आणि कड एका बाजूने सैल होते. किनाऱ्यावर हे दिसत नाही. लाटेत होडी किंचित पिळवटते, तेव्हा उघडतं. तोंडाशी चार बोटं जागा मोकळी राहिली पाहिजे.

जागा पुरत नसेल तर सहसा सामान जास्त नसतं, पिशव्या मोठ्या असतात. तीस लिटरची एक जाडजूड ड्रायबॅग गोल हॅचमधून जातच नाही, आणि गेली तरी तिच्या बाजूंना पोकळ्या राहतात. त्याऐवजी पाच, आठ आणि दहा लिटरच्या निमुळत्या पिशव्या घ्या. टोकाच्या अरुंद जागेत त्या शिरतात.

भरण्याचा क्रम असा: अगदी टोकाला हलकं आणि मऊ (झोपायची पिशवी, कपडे). तंबूच्या काठ्या वेगळ्या काढून तळाशी, मध्यरेषेलगत. जड ते बल्कहेडला टेकून, शक्य तितकं खाली: पाणी, तांदूळ, डाळ, चूल, भांडी. वरच्या पोकळीत हलकं खाणं, पोहे-चिवडा. उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत कोकणात माणशी रोज चार ते पाच लिटर पिण्या-शिजवण्याला धरा. तीन दिवसांचं पाणी म्हणजे बारा ते पंधरा किलो. ते एकाच कप्प्यात नको. निम्मं पुढे, निम्मं मागे ठेवा आणि आळीपाळीने वापरा, म्हणजे तोल दिवसागणिक बिघडत नाही.

याचा गळतीशी थेट संबंध आहे. पुढचा कप्पा जड झाला तर नाक लाटेत घुसतं, पुढचं झाकण सारखं पाण्याखाली जातं आणि होडी वाऱ्याकडे तोंड वळवू लागते. म्हणजे 'पुढचं झाकण गळतं' आणि 'होडी वाऱ्यात सरळ जात नाही' या दोन तक्रारी एकत्र आल्या तर आधी पाण्याच्या दोन पिशव्या मागे हलवून बघा. भरलेली होडी गुडघाभर पाण्यात सोडा, वल्हवणाऱ्याला बसवा आणि दुसऱ्याने दहा पावलांवरून बाजूने बघा. होडी समतल, किंवा मागे जेमतेम बोटभर खाली, एवढंच हवं.

४. ड्रायबॅग खरंच ड्राय आहे का?

गुंडाळायच्या तोंडाची पिशवी तीन-चार वेळा घट्ट घडी घातल्याशिवाय बंद होत नाही. त्यासाठी वरचा चतुर्थांश भाग रिकामा हवा. ठासून भरलेल्या पिशवीला दीड घडी बसते आणि पाणी त्याच वाटेने आत जातं. आधी गुडघ्याने दाबून हवा काढा, कडेच्या पट्टीवरची वाळू पुसा, पट्टीची दोन्ही टोकं जुळवून सुरकुती न पडता घडी घाला, मग बकल लावा.

तपासायचं असेल तर पिशवीत हवा कोंडून तोंड गुंडाळा आणि बादलीत बुडवून दाबा. बुडबुडे जिथून निघतील तिथे मार्करने खूण करा. फार बारीक छिद्रं यातही सुटतात. मग पिशवीत पाणी भरून दोरीवर टांगा, दहा मिनिटांत थेंब दिसतो. छिद्र बहुधा तळाच्या कोपऱ्यात किंवा हॅचच्या कडेवर घासणाऱ्या बाजूला असतं. स्पिरिटने पुसून, पूर्ण वाळवून, आतून युरेथेन चिकटद्रव्याचा थर द्या आणि रात्रभर तसंच राहू द्या. आतला थर चिकट होऊन सोलायला लागला असेल तर दुरुस्ती करू नका. कोटिंग संपलंय. ती पिशवी ओल्या तंबूसाठी ठेवा.

पातळ, रेशमी नायलॉनच्या पिशव्या शिंतोड्यांपुरत्या असतात. साचलेल्या पाण्यात तासभर पडल्या की झिरपतात. औषधं, काडेपेटी, सुके कपडे आणि झोपायची पिशवी यांना दुहेरी पिशवी द्या, बाकीच्यांना एक पुरे.

५. खडूने झाकण तपासा

शाळेतला खडू कडेवर गोल घासा, झाकण बसवा, दाबा, काढा. झाकणाच्या आत पांढरी रेघ अखंड उमटली पाहिजे. जिथे तुटली तिथे कड वाकलीय किंवा रबर दबलंय. प्लास्टिकच्या होड्या उन्हात एका कुशीवर पडून राहिल्या की गोल कड अंडाकृती होते आणि मग कोणतंही नवं झाकण बसत नाही. होडी सावलीत, नीट आधारावर ठेवून काही दिवस बघा, थोडी सुधारते.

रबर ताणून बघा. बारीक भेगा दिसल्या, बोटाला काळं लागलं किंवा झाकण आधीपेक्षा सैल वाटलं तर नवं मागवा. झाकण सहज बसावं म्हणून खोबरेल तेल, व्हॅसलीन किंवा गाडीचं ग्रीस लावायची सवय सोडा. त्याने रबर फुगतं, मऊ पडतं आणि पकड जाते. सिलिकोन वंगणाचा हलका हात पुरतो. झाकण मागवताना होडीच्या नावावर जाऊ नका, कडेचा बाहेरचा व्यास मोजून मागवा.

६. हवेचं बारीक छिद्र

बऱ्याच सी कयाकच्या बल्कहेडला सुईएवढं, एक-दोन मिलिमीटरचं छिद्र मुद्दाम ठेवलेलं असतं. नवखा माणूस ते बघतो, 'हीच ती गळती' म्हणतो आणि बुजवतो. मग खरा त्रास सुरू होतो.

साठ लिटरचा रिकामा बंद कप्पा पुळणीवर उन्हात ४५ अंशांपर्यंत तापला आणि होडी पाण्यात गेल्यावर २७ अंशांवर आला, तर आतली हवा साधारण साडेतीन लिटरने आकसते. तेवढी जागा भरायला काहीतरी आत येणारच. छिद्र उघडं असेल तर कॉकपिटमधली हवा येते. बंद असेल तर झाकणाच्या कडेतून जे ओढलं जाईल ते येतं, आणि कडेवर त्या वेळी समुद्र असतो. उलट, गाडीच्या टपावर भर दुपारी बंद कप्पा फुगून झाकण उडू शकतं. म्हणून वाहतुकीत झाकणं काढून गाडीत ठेवलेली बरी.

छिद्र टाचणीने मोकळं करा, बुजवलेलं असेल तर उघडा. कॉकपिट तुडुंब भरलं तरी त्यातून काही चमचेच पाणी येतं. त्याहून जास्त आलं तर ते छिद्रातून नव्हे, बल्कहेडच्या कडेने आलंय.

७. पाणी आतून भरा, बाहेरून बघा

इथपर्यंत उत्तर मिळालं नसेल तर होडी रिकामी करा, गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण वाळवा. मग एका वेळी एकाच कप्प्यात दहा लिटर पाणी ओता. जास्त नको, कारण पन्नास लिटर म्हणजे पन्नास किलो आणि स्टँडवरच्या होडीच्या तळाला ते झेपत नाही. आधार बल्कहेडखाली द्या. पाण्यात खायचा रंग टाकला तर बरं. होडी हळूहळू कुशीवर, नाकावर, शेपटीवर कलती करा आणि बाहेरून कोरड्या टिश्यूने शिवण, बोल्ट, टोकाच्या दोरीची छिद्रं, स्केगची पेटी टिपत जा. कागदावर ओला ठिपका उमटला की थांबा आणि तिथे खूण करा.

हवा भरून साबणाचे फुगे बघायची पद्धतही चालते, पण तोंडाने फुंकण्याइतक्याच दाबाने. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर लावला तर बल्कहेड उखडतो.

डेकवरचा बोल्ट गळत असेल तर तो काढा, जुना चिकटा खरवडा, वॉशर बदला, सीलंट लावून बसवा. शेवटचा पाव आटा पुरे. जास्त आवळलं तर फायबरला तडा जातो, प्लास्टिकमध्ये आटे मरतात.

बल्कहेडच्या कडेला पॉलियुरेथेन मरीन सीलंट वापरा. पॉलिथिलीनला (प्लास्टिकच्या होड्या बहुतेक याच्याच असतात) साधा सिलिकोन सीलंट धरत नाही, दोन गोळे मळून लावायची इपॉक्सी पुट्टीही काही दिवसांत पापुद्र्यासारखी निघते. जुना थर पूर्ण काढा, बारीक पॉलिश पेपर मारा, स्पिरिटने पुसा, दोन्ही बाजूंनी बोटाने गोलाई देत भरा आणि नळीवर लिहिलेला सुकण्याचा पूर्ण वेळ द्या. फोमचा बल्कहेड असेल तर तो पुन्हा का सुटेल हेही बघा. पाण्याच्या पिशव्या लाथेने आत ढकलल्या की तो सरकतो. मग सीलंट कितीही चांगला असो.

स्केगची तार आणि तिची नळी मागच्या कप्प्यातून जाते. तंबूच्या काठ्या त्यावर दाबल्या गेल्या की नळीचा सांधा ढिला होतो आणि तार मुडपते. सांधा हाताने आवळून बघा. तेवढ्याने थांबलं नाही तर पुढचं काम तुमचं नाही.

सिट-ऑन-टॉप असेल तर

मालवण, तारकर्ली किंवा गोव्यात भाड्याने मिळणाऱ्या होड्या बहुतेक या, म्हणजे डेकवर उघड्यावर बसून वल्हवायच्या, जातीच्या असतात. त्यांत बल्कहेड नसतो, आतून सगळं एकच पोकळ. आधी मागचं बूच बघा: नसतं, ढिलं असतं किंवा त्याचं वॉशर गेलेलं असतं. मग डेकमधून आरपार जाणाऱ्या छिद्रांच्या आतल्या कडा. होडी खडकावर ओढली किंवा ट्रॉलीचे खुंट त्यात अडकवले की तिथे चिरा जातात. या होड्यांची झाकणं पाणबंद समजूच नका. प्रत्येक पिशवी समुद्रात पडणार आहे असं धरूनच बंद करा.

कुठे थांबायचं, कोणाला बोलवायचं

समुद्रावर असताना कप्पा तपासायला लाटेत झाकण उघडू नका. होडी जड, आळशी किंवा एका बाजूला कललेली वाटली तर सोबत्याला सांगा आणि जवळचा किनारा गाठा. दहा लिटर मोकळं पाणी कलत्या बाजूला धावतं आणि होडी त्याच बाजूला आणखी झुकते. कप्पा पिशव्यांनी भरलेला असेल तर पाण्याला जागा कमी मिळते, म्हणून रिकाम्या जागेत हवा भरलेली ड्रायबॅग कोंबायची. किनारा गाठणं जमत नसेल तर तटरक्षक दलाचा १५५४ हा नंबर लावा. त्यासाठीचा फोन हॅचमध्ये नाही, लाइफ जॅकेटवरच्या पाणबंद पाकिटात हवा.

तासाला लिटरभर पाणी येत असेल तर माझ्या मते पुढचा टप्पा रद्द. चिकटपट्टी लावून घरी जायचं, पुढच्या मुक्कामाला नाही.

खालच्या गोष्टी घरी करू नका: तळाला आरपार तडा, स्केगच्या पेटीचा सुटलेला जोड, पूर्ण निसटलेला बल्कहेड, आणि फायबरच्या होडीत दाबल्यावर मऊ लागणारी जागा.

फायबरच्या कामाला कोकणात अडचण नाही. मासेमारीच्या फायबरच्या होड्या दुरुस्त करणारे कारागीर अनेक बंदरांवर भेटतात. पण त्यांच्याकडे बहुधा पॉलिएस्टर रेझिन असतं, आणि आधीचं काम इपॉक्सीचं असेल तर त्यावर ते नीट धरत नाही. आधी कोणतं रेझिन वापरलंय हे त्यांना आठवणीने सांगा. प्लास्टिकच्या होडीला वेल्डिंग लागतं. काही पॉलिथिलीन वितळून जोडलं जातं, क्रॉसलिंक्ड जातीचं वितळतच नाही. पाण्याच्या टाक्या वेल्ड करणाऱ्याकडे होडी नेण्याआधी बनवणाऱ्याकडून प्लास्टिकची जात विचारून घ्या आणि पट्टी त्याच जातीची वापरायला लावा.

कोणाकडेही देण्याआधी होडी गोड्या पाण्याने धुवून, झाकणं काढून, सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. मीठ आणि ओल राहिली तर चांगल्या हाताचं कामही सुटतं. गळतीची जागा आतून आणि बाहेरून दोन्हीकडे मार्करने गोल करा. कारागिराच्या अंगणात होडी कोरडी असते, आणि कोरड्या होडीत छिद्र दिसत नाही.